सुई टोचली, आता जायचं कुठे?

कचरा न्यायला येणाऱ्या मावशी कधी बेल वाजवत नाहीत. डबा दाराबाहेर असतो, त्या तो रिकामा करतात आणि पुढच्या दाराला जातात. त्या दिवशी बेल वाजली. मावशींच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हळद लावून चिंधी गुंडाळलेली होती. "ताई, काल सकाळी सुई टोचली ओ. बारीकच होती, शुगरवाले घेतात तसली. काय हुईल का?"

दुधाच्या रिकाम्या पिशव्या मावशी वेगळ्या काढतात, त्यांचे चार पैसे मिळतात. अशाच एका पिशवीत कुणीतरी इन्सुलिनची वापरलेली सुई घालून वर गाठ मारली होती. मावशींनी पिशवी मुठीत दाबली. रक्ताचा थेंब आला, तेव्हा त्यांनी बोट तोंडात धरून चोखलं, थुंकल्या आणि पुढची चौदा घरं केली.

'काय हुईल का' याचं उत्तर मिळवायला आम्हा दोघींना जवळजवळ अख्खा दिवस लागला. उत्तर अवघड नव्हतं. औषधं होती, तपासणीची किट होती, माहीतगार माणसंही होती. अवघड होतं ते तिथवर पोचणं. लैंगिक आरोग्य आणि रक्तातून पसरणारे विषाणू यांच्यासाठीच्या सरकारी सेवांचं खरं दुखणं माझ्या मते हेच आहे. म्हणून इथे विषाणूंइतकंच त्या सेवांच्या दारांबद्दलही लिहिते आहे.

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. आतून खणखणीत उत्तर आलं, "एड्सची टेस्ट का? सतरा नंबर!" मागची रांग एकदम गप्प झाली. मावशींनी पदर पुढे ओढला. सतरा नंबर निघाला त्वचा आणि गुप्तरोग विभाग. त्यांनी सांगितलं, हे आमच्याकडे नाही, मागच्या इमारतीत एक्स-रेच्या पलीकडे जा. तिथे पाटी होती, 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र'. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींनी ती अक्षरं लावत लावत वाचली आणि विचारलं, "हे कशाचं ओ? कर्जाचं?" दाराला कुलूप होतं. जेवणाची सुट्टी.

ही केंद्रं 'आयसीटीसी' या नावानं ओळखली जातात आणि जिल्हा रुग्णालयांपासून अनेक ग्रामीण रुग्णालयांपर्यंत आहेत. तिथे एचआयव्हीची, म्हणजे ज्यामुळे एड्स होतो त्या विषाणूची, तपासणी मोफत होते. समुपदेशक ताई जेवून आल्या आणि तिथून पुढे सगळं नीट झालं, हेही सांगायला हवं. त्यांनी पडद्याआड बसवलं, मावशींना 'तुम्ही' म्हटलं आणि रक्त घेण्याआधी विचारलं, "तपासायचं का? नको असेल तर नाही म्हणू शकता." मावशी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. दवाखान्यात असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी केसपेपरच्या कोपऱ्यात तीन आकडे लिहिले : ३०, ३, ०.३.

ज्याच्या रक्तात विषाणू नक्की आहे अशा माणसाला टोचलेली सुई दुसऱ्याला लागली, तर संसर्ग किती जणांना होईल याचा हा ढोबळ हिशेब आहे. हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताला सूज आणणारे विषाणू. बीची लस न घेतलेले असतील तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत तो होऊ शकतो. हिपॅटायटिस सी तिघांना. नवे अभ्यास तर त्याहून बराच कमी आकडा सांगतात. आणि एचआयव्ही? हजारात तिघांना. म्हणजे खिडकीतला माणूस ज्याच्या नावानं ओरडला, तो या तीन विषाणूंत सगळ्यात दुबळा गडी. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात एचआयव्ही फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र वाळलेल्या डागातही किमान सात दिवस जिवंत राहतो. भीती एकाची आणि धोका दुसऱ्याचा, असा हा प्रकार.

डॉक्टरांनी मग उलटतपासणी घेतली. सुई कुणाची? माहीत नाही. पोकळ होती का? हो, पण केसासारखी. तिच्यावर रक्त दिसत होतं का? नाही. ते म्हणाले, यात एचआयव्हीची शक्यता इतकी नगण्य आहे की गोळ्या देण्याची गरज नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि हिपॅटायटिस बीची लस आजच सुरू करा. बोट चोखल्याबद्दल मावशींना थोडी बोलणीही बसली. सुई टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, एवढंच. चोखायचं नाही, दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. हळदीबद्दल ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

त्या गोळ्यांबद्दल मात्र सगळ्यांना ठाऊक असायला हवं, कारण तिथे घड्याळ चालू असतं. सुईवर ताजं रक्त असेल, ज्याचं रक्त आहे त्याला एचआयव्ही असल्याचं माहीत असेल, किंवा बलात्कार झाला असेल, धोका वाटावा अशा संबंधात कॉन्डोम फाटला असेल, तर डॉक्टर एचआयव्हीरोधक औषधांचा २८ दिवसांचा कोर्स सुरू करू शकतात. त्याला 'पेप' म्हणतात. पहिली गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम. उशिरात उशीर ७२ तास, त्यानंतर तिचा उपयोग नाही. आता शुक्रवारी रात्री अकराला घडलेली गोष्ट धरा. सोमवारी सकाळी ओपीडी उघडेल म्हणून माणूस थांबला, तर खिडकीशी त्याचा नंबर येईपर्यंत साठ तास गेलेले असतात. म्हणून पेपसाठी ओपीडीची वाट बघायची नसते, सरळ अपघात विभाग गाठायचा असतो. हे किती रुग्णालयांच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही पाहिलं.

त्या दिवशी मावशींचं रक्त घेतलं ते कालच्या सुईसाठी नव्हतं, हे समजायला त्यांना (आणि खरं तर मलाही) वेळ लागला. नेहमीची चाचणी विषाणूला शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. चोर शिरला त्याच रात्री चौकीच्या वहीत नोंद नसते, ती नंतर होते. संसर्ग होऊनही चाचणीत काही दिसत नाही अशा मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. आजचा अहवाल मावशी आधी कशा होत्या एवढंच सांगतो. सुईनं काय केलं ते पाहायला सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. 'निगेटिव्ह आला, सुटलो' म्हणून पहिल्या अहवालावर पेढे वाटणारे लोक इथेच फसतात. उलट बाजूनं, पहिल्या किटवर पॉझिटिव्ह दिसलं म्हणून कुणाला लगेच तसं सांगत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर तपासून तिन्ही जुळली तरच तसा अहवाल देतात.

रक्तपेढीलाही हाच विंडो पिरियड छळतो. दान केलेली प्रत्येक पिशवी पाच गोष्टींसाठी तपासतात : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा लैंगिक आजार आणि मलेरिया. तरीही अगदी ताजा संसर्ग निसटू शकतो. पंधरा-वीस दिवसांनी सतत रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांचा धोका त्यामुळे इतरांपेक्षा मोठा असतो. विषाणूचा अंशच शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ बराच कमी करते, पण ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. रक्तदान शिबिरात फॉर्मवर विचारलेले खासगी प्रश्न आगाऊपणाचे वाटतात खरे, पण त्यांची खरी उत्तरं म्हणजे एका मुलाच्या रक्ताची पहिली चाळणी असते.

आता हिपॅटायटिस. गावाकडे बी-ला 'पांढरी कावीळ' म्हणतात, आणि कावीळ म्हटली की झाडपाल्याचं औषध, काविळीची माळ, पथ्याचं खाणं असं सगळं सुरू होतं. माळ गळ्यात घातल्यावर उतरते ती बहुतेकदा दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ. ती माळेशिवायही उतरते. बी आणि सी हे रक्ताचे पाहुणे. ते डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतात आणि वीस-तीस वर्षांनी सिरोसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाणं) किंवा यकृताचा कर्करोग होऊन उभे राहतात. रस्ता दोघांचाही ओळखीचा आहे : उकळून न घेतलेली सुई, डायलिसिसचं नीट न धुतलेलं यंत्र, न्हाव्याचं न बदललेलं पातं, जत्रेतलं गोंदण. जत्रेत गोंदणाऱ्याकडे तीच सुई आणि तीच शाईची वाटी दिवसभर हातोहात फिरते, ते नीट बघा एकदा. बी-चा विषाणू शरीरसंबंधातूनही सहज जातो.

सुईच्या बाबतीत आपला स्वभावही आड येतो. 'डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही' म्हणून डॉक्टर बदलणारे लोक माझ्या घरातच आहेत. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि बरेच जीव गेले, ती पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे. उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊला २०१८ मध्ये एकाच सुईनं सगळ्यांना टोचत फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरामुळे एचआयव्ही पसरला. दोन्हीकडे माणसं साध्या तापखोकल्यासाठी गेली होती.

बी आणि सी यांच्यातला फरक लक्षात ठेवायला सोपा आहे : बी-ला लस आहे पण तो मुळापासून बरा करणारं औषध नाही, सी-ला लस नाही पण तो बरा होतो. सी-साठी रोज गोळ्या, साधारण बारा आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण विषाणूमुक्त होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. इतका झटपट बरा होणारा जुनाट विषाणूजन्य आजार दुसरा नाही, तरी सी-बद्दल ऐकलेली माणसं शोधावी लागतात.

बी-ची लस प्रौढाला तीनदा लागते : आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. बाळाला मात्र पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत हवा. त्यामागचं गणित फार बोलकं आहे. आईकडून जन्मतानाच संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा घर करतो, तर मोठेपणी झाला तर शंभरातल्या पाचांपेक्षा कमी जणांत. त्या पहिल्या चोवीस तासांत रविवार आला, लस उघडायला परिचारिका नव्हती, किंवा 'एका बाळासाठी दहा डोसची कुपी कशाला फोडायची' असा विचार झाला, तर आयुष्यभराचा फरक पडतो.

मावशींना या लसीची चिठ्ठी मिळाली, 'बाहेरून आणा' अशी. पंधरा वर्षं शहराचा कचरा उपसणाऱ्या बाईला हिपॅटायटिस बीची लस कुणी कधी दिलेली नव्हती. मला वाटतं, सेवा सुधारायच्या यादीत मोठ्या इमारतींच्या आधी हे यायला हवं : सफाई कामगार, वॉर्डबॉय, रक्त काढणारे, शस्त्रक्रियेची भांडी धुणारे, सगळ्यांना कामावर रुजू होतानाच तीन डोस. बूट आणि हातमोजे द्यायचे कागदावर तरी ठरलेलं असतं, तसंच हेही.

त्या सतरा नंबरच्या खोलीचं काय, असं तुम्ही विचाराल. तीही कामाची जागा आहे. लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' चालतात, आणि तिथली पद्धत मला फार आवडते, कारण ती शहाणपणानं साधी ठेवलेली आहे. ज्या ठिकाणी प्रयोगशाळा नाही तिथेही उपचार व्हावेत म्हणून लक्षणांवरून औषधांची रंगीत पाकिटं ठरवली आहेत. लघवीच्या जागेतून पू येत असेल, ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात, तर करडं पाकीट : दोन औषधं, एकदाच, समोर बसून गिळायची. बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल आणि खाज असेल तर हिरवं. गुप्तांगावर जखम असेल आणि ती नागिणीच्या जातीची नसेल तर पांढरं, त्यात सिफिलिससाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. पाणी भरलेल्या फोडांना लाल. ओटीपोटात दुखण्याला पिवळं. जांघेतल्या गाठीला काळं. पाकिटाबरोबर जोडीदारालाही औषध मिळतं, कारण एकानंच घेतलं तर आजार दोघांत चेंडूसारखा फिरत राहतो.

पण हीच पद्धत जिथे लंगडी पडते ते ठिकाणही लपवायला नको. लक्षणं असली तरच पाकीट मिळतं. क्लॅमिडिया नावाचा संसर्ग बऱ्याच बायकांत काहीच लक्षण दाखवत नाही, आणि पुढे मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की कळतं, नळ्या बंद झाल्यात. उलट, अंगावरून पांढरं जाणं दरवेळी लैंगिक आजारच असतो असंही नाही. पाकीट घेऊन घरी गेलेल्या एखाद्या बाईला नवऱ्याच्या संशयाला तोंड द्यावं लागतं, तेही विनाकारण. त्यासाठी निदान मोठ्या रुग्णालयांत तरी नेमकी तपासणी हवी. गर्भवतींच्या बाबतीत ते बरंच जमलंय : एकाच बोटभर पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही तपासतात. आईला एचआयव्ही असेल आणि काहीच केलं नाही, तर शंभरात पंधरा ते पंचेचाळीस बाळांना तो होऊ शकतो. वेळेत औषधं घेतली तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं.

एवढं सगळं फुकट असताना माणसं रेल्वेच्या कडेला भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग, निराश होऊ नका' वाल्यांकडे का जातात? कारण तो निदान दार लावून घेतो. आणि सरकारी दाराची भीती निव्वळ मनातली नाही, तिला इतिहास आहे.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला आणि फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. म्हापशाजवळच्या बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात त्यानं ६४ दिवस काढले, पहाऱ्यात. त्याची आई ल्यूसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक सुटला, पण न्यायालयानं त्या तरतुदीला अवैध ठरवलं नाही. पुढे त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ च्या मे महिन्यात तो गेला. रक्त द्यायला स्वतःहून पुढे आलेल्या माणसाचं हे झालेलं पाहून गोव्यात किती जणांनी तपासणीचा विचार सोडून दिला असेल, ते मोजायची सोय नाही.

आजचा कायदा नेमका उलट बोलतो. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही, अहवाल परस्पर कुणाला सांगायचा नाही, संसर्ग आहे म्हणून नोकरी, शाळा, घर, उपचार नाकारायचे नाहीत. मावशींना 'तपासायचं का' विचारलं गेलं ते समुपदेशक ताईंच्या चांगुलपणामुळे, आणि कायद्यामुळेही. खिडकीतून ओरडलेला सतरा नंबर मात्र त्या कायद्याच्या भावनेला धरून नक्कीच नव्हता.

आणि औषधांचा काळही पालटला आहे. १ एप्रिल २००४ ला देशातल्या मोजक्या सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची मोफत औषधं सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा प्रतिकारशक्ती अमुक इतकी घसरेपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून अहवाल आला की औषध सुरू. रोज नेमानं गोळी घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही. हे वाक्य अजून कितीतरी शिकलेल्या लोकांना खोटं वाटतं.

दार कसं उघडतं याचा एक जुना धडा सांगलीत आहे. 'संग्राम' ही संस्था मीना शेषू यांनी १९९२ च्या सुमारास तिथल्या वेश्यावस्तीत कॉन्डोम वाटण्यापासून सुरू केली. वाटणाऱ्या बायका त्याच गल्लीतल्या. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीला 'गिऱ्हाईक तयार नसेल तर काय करायचं' हे सांगता येत नाही. शेजारच्या खोलीतली बाई ते रात्री दोन वाजताही सांगते. १९९६ मध्ये याच बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापली आणि दवाखान्यात हाडतूड करणाऱ्यांना जाब विचारायला त्या घोळक्यानं जायला लागल्या. कॉन्डोमचा खोका आणि दवाखान्यातली वागणूक ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मला विचाराल तर बदल फार महागडे नाहीत. केसपेपरवर कारण न विचारता फक्त खोलीचा नंबर द्यावा. आयसीटीसी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी उघडी ठेवावी, कारण रोजंदारीवरच्या माणसाला सकाळची ओपीडी म्हणजे एका दिवसाची मजुरी. एचआयव्हीसाठी बोटाला टोचलंच आहे तर त्याच वेळी बी, सी आणि सिफिलिसही पाहावं. संसर्ग नाही पण धोका आहे अशांना सगळं एका छपराखाली देणारी 'संपूर्ण सुरक्षा' केंद्रं निघू लागली आहेत, त्यांचा विचार हाच. पाटीवर 'एकात्मिक' लिहायची काय हौस आहे कळत नाही, 'रक्त तपासणी व सल्ला' पुरे. आणि १०९७ हा एचआयव्ही-एड्सच्या मोफत हेल्पलाइनचा नंबर एसटीच्या प्रत्येक थांब्यावर असावा. मला तो त्या दिवशी आठवला असता तर सतरा नंबरची फेरी वाचली असती.

मावशींचे तिन्ही डोस झाले. तारखा त्यांनी कालनिर्णयवर हळदीच्याच बोटानं टिपून ठेवल्या होत्या. तीन महिन्यांचा अहवाल घ्यायला त्या एकट्या गेल्या, मला नंतर कळलं. काही निघालं नाही. आता मात्र त्या रोज बेल वाजवतात, आमच्या मजल्यावरच्या तिन्ही शुगरवाल्यांच्या दाराला, आणि आधी विचारतात, "सुया बाटलीत घातल्या का? झाकण लावलंय? दाखवा."